शेवटचा घोट मुळाशी

यंदाही कुलर खिडकीत बसला. बाबांनी गच्चीवर झाकून ठेवलेल्या कुलरचं प्लास्टिक सोडलं, गेल्या वर्षीचं काळं पडलेलं गवत उपसलं, जाळीत नवा वाळा कोंबला आणि पंपाला दोन चापट्या मारल्या. पंप आधी खोकला, मग कुरकुरला, मग चालू झाला. ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरला तशी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "लागला बाई उन्हाळा." नागपुरात उन्हाळा पंचांगानं लागत नाही, कुलरनं लागतो.

त्याच दुपारी आमच्या चौकातल्या कडुनिंबाला नोटीस लागली. दोन उन्हाळ्यांपूर्वी लागली होती तीच, तारीख तेवढी नवी. रस्ता रुंदीकरणात अडथळा ठरणारा एक वृक्ष तोडण्याचे प्रस्तावित आहे, कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी.

माझी हरकत आहे. अर्ज वेगळा देतेच आहे, पण अर्जाला रकाने असतात आणि रकान्यात वास बसत नाही, सावली बसत नाही, शरम तर मुळीच बसत नाही. ते सगळं इथं लिहिते. कोणाला हे पत्रकासारखं वाटलं तर वाटू द्या. मला लिहायला पत्रकांनीच शिकवलंय.

आमचा चौक म्हणजे गांधीबागेच्या कापडबाजाराची पाठ. पुढून काचा, साड्या, गाद्यांवर बसलेली गिऱ्हाइकं. मागून कापडाच्या गठाणी, हातगाड्या आणि घाम. मी शाळेत होते तेव्हा वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन या चौकातून घरी यायचे. पायाखाली निंबाचा मोहोर इतका पडलेला असायचा की चप्पल घसरायची. कडू आणि गोड एकाच वेळी लागणारा तो वास. अजून तो वास आला की मला भूगोलाचा पेपर अवघड गेल्याची भीती वाटते, मग लगेच सुट्टी लागल्याचा आनंद होतो, आणि दोन्हीचं काय करावं ते कळत नाही.

निंबाखाली पाणपोई होती. आहे. मी मुद्दाम "आहे" लिहिते. वाळूत अर्धे गाडलेले तीन रांजण, त्यांना ओलं गोणपाट गुंडाळलेलं, वर मोहोर पडू नये म्हणून पांढरं फडकं बांधलेलं. शेजारी बुंध्याला टेकवलेला एक पत्र्याचा बोर्ड: "पाणी सर्वांचे. लोटा एकच." लहानपणी मला वाटायचं, कोणी लोटा चोरून नेऊ नये म्हणून ही तंबी आहे.

पाणपोई चंद्राकाकूंची. चौकासमोर त्यांच्या दोन खोल्या. त्यांचे यजमान गठाणींवर ब्रशनं व्यापाऱ्याचं नाव आणि गावाचं नाव रंगवायचे. ते मी लहान असतानाच गेले. बोर्डावरची अक्षरंही त्यांचीच, गठाणीवर असतात तशी जाड, ठासून उभी राहिलेली. काकू रोज सकाळी रांजण घासायच्या, भरायच्या आणि दिवसभर दारातून नजर ठेवायच्या.

या पाणपोईची एक रीत होती. पाणी प्यायचं आणि लोट्यात शेवटचा घोट ठेवायचा. तो रांजणात परत टाकायचा नाही, रस्त्यावर फेकायचा नाही. निंबाच्या मुळाशी ओतायचा. हमाल ओतायचे, साड्या घ्यायला आलेल्या बायका ओतायच्या, काटोलच्या बसमधून उतरलेले, बगलेत पिशव्या दाबून चाललेले शेतकरी एकदा दुसऱ्याकडे बघायचे आणि तसंच करायचे. कोणी कोणाला सांगायचं नाही. वैशाखात, सगळी माती तव्यासारखी झालेली असताना, त्या एका झाडाच्या बुंध्याशी हातभर जागा कायम ओली असायची. तिथं चिमण्या अंग घासायच्या. देवराव हमाल, जो आता शहराबाहेर वाडीला भाड्याच्या खोलीत राहतो कारण निम्म्या गठाणी तिकडच्या गोदामांत उतरतात, तो तेव्हा ऐन तारुण्यात होता. तो दुपट्टा त्या ओल्या मातीवर टाकायचा, पिळायचा आणि डोक्याला गुंडाळायचा. म्हणायचा, "आपला कुलर. याले ना पंप लागत, ना बिजली."

असं का करायचं, हे मी एकदा काकूंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "करतेत बापा सगळे." मी मान डोलावली. लहानपणी एवढं उत्तर पुरतं. वाईट एवढंच की मोठेपणीही मला ते पुरलं.

आता बाबांबद्दल. माझे बाबा कचेरीत कारकून होते, निवृत्त झाले. रोज सकाळी चहासोबत ते फोनवर एक ग्रुप उघडायचे. जुनं नागपूर, सोनेरी दिवस, अशा कायतरी नावाचा. त्यावर काळेपांढरे फोटो यायचे. रिकामे रस्ते, टांगे, झाडांच्या कमानी. खाली लोक लिहायचे, गेले ते दिवस. हात जोडलेली चित्रं टाकायचे. बाबा मलाही पाठवायचे. दोन उन्हाळ्यांपूर्वी नोटीस पहिल्यांदा लागली, त्या सकाळी त्यांनी मला असाच झाडांच्या रस्त्याचा फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, "काय ते नागपूर!" मी स्वयंपाकघरात गेले, हरकतीचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "बाबा, सही करा."

"कशाला भानगड?"

"ते फोटोतलं नागपूर चौकात उभं आहे. त्याला पाडून राहिले."

"अगं, रस्ता व्हायलाच पाहिजे ना. गाड्या किती वाढल्या." आणि परत फोनकडे.

हाच माझा राग आहे. हळहळ फुकट असते, म्हणून सगळ्यांना परवडते. झाड गेलं की त्याचा फोटो चालतो. उभं असताना त्याला कोणी सही देत नाही. त्याच उन्हाळ्यात एका नव्या हॉटेलात मैत्रिणीच्या साखरपुड्याला गेले होते. आत शिरताच प्लॅस्टरचा मोठा कडुनिंब! खोडाला खऱ्यासारख्या भेगा, पानं कापडाची, खाली रांजण. रांजणात पाणी नव्हतं, आतून पिवळा दिवा लावला होता. वर पाटी, गावाकडची आठवण. पाहुणे तिथं फोटो काढत होते. एसी इतका होता की मला थंडी वाजली. मला त्या रांजणात डोकं घालून ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. मैत्रिणीची आई बघत होती.

असो. त्या उन्हाळ्याकडे येते.

आमचा गट छोटा. मी, निलेश, कॉलेजातली आणखी काही पोरं. निलेश आमच्यात जाणता. त्यानंच मला पत्रक लिहायला शिकवलं. वाक्य आखूड ठेव, शत्रू एकच ठेव, आणि एक ओळ अशी पाहिजे की माणूस चालता चालता म्हणेल. मी ती ओळ काढली. मला तिचा भयंकर अभिमान होता. "इथं ना जात होती, ना पात होती, तहान होती अन् माठाची साथ होती." निलेश म्हणाला, "जमली बे." पत्रकं छापून आली. आम्ही चौकात वाटली, दुकानांत टाकली, आणि नोटिशीच्या वरच्या बाजूला, अगदी डोळ्यांसमोर येतील अशी, चार झाडाला लावली. खिळ्यांनी.

होय. झाड वाचवायला आम्ही झाडाला खिळे ठोकले. कुणालाच खटकलं नाही. आंदोलनात हात असेच चालतात, आधी हातोडी आणि मग डोकं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काकू स्टुलावर चढलेल्या. हातात नवऱ्याच्या पेटीतली पक्कड. एकेक खिळा उपटून राहिल्या होत्या. मला पाहिलं तशा वरूनच ओरडल्या, "काहून वं वैशे, झाड वाचवाले निघाली अन् झाडालेच खिळे ठोकून राहिली?"

"काकू, कागद उडून जातो वाऱ्यानं."

"मंग तुह्या कपाळाले ठोकतो. नाही उडनार."

खाली हातगाडी लावून बसलेला देवराव खो खो हसला. काकूंनी त्यालाही सोडलं नाही. "तू काहून दात काढतं गा? तुह्यासमोर ठोकले ना पोरीनं? तवा काय झोपला होता?" मग त्या उतरल्या, ओल्या मातीचा गोळा करून त्यात हळद कालवली आणि खिळ्यांची भोकं बोटानं बुजवली. लहान मुलाच्या गुडघ्याला लावतात तशी. मी बाजूला उभी. माझं पत्रक त्यांच्या कमरेला खोचलेलं.

"चाल घरी," त्या म्हणाल्या. "हे वाचून दाखव मले. चष्मा नाही सापडून राहिला."

मी वाचलं. रस्त्याचा भाग त्यांनी ऐकला. सावलीचा भाग ऐकला, मान हलवली. मग मी ती ओळ वाचली. थोडी गाऊनच वाचली असेन.

"कोणं लिवलं हे?"

"मी."

"खोटं लिवलं."

मला वाटलं, यमक आवडलं नसेल. काकू उठल्या. भिंतीवर एक लांब दांड्याचं, काळं पडलेलं पितळी ओगराळं टांगलेलं असायचं. माझ्या जन्मापासून तिथंच. कधी वापरताना पाहिलं नव्हतं. ते त्यांनी काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. जड होतं. दांडा हातभर लांब.

"मी लग्न होऊन आली, तवा सासू मांडे पाणपोई," त्या म्हणाल्या. "हमाल येत, गिरणीतल्या बाया येत. लोटा होता, पण सगळ्याइले नव्हता. काही जणाइनं ओंजळ धरायची. अन् वरून या ओगराळ्यानं पानी ओतायचं. लागलं नाही पाहिजे. सासूनं मले शिकवलं, किती उंचावरून ओतायचं ते."

"तुम्ही ओतलं?"

"मंग कोणं ओतलं? मीच ओतलं. दोन उन्हाळे ओतलं." त्यांनी आवाज खाली आणला नाही. "हात धरून शिकवलं होतं, हे सांगून मी सुटत नाही. हात मायाच होता."

कुलर चालू होता. मी ओगराळं मांडीवरून खाली ठेवलं. काकूच पुढं बोलत राहिल्या.

"तिसऱ्या उन्हाळ्यात सुलोचनाबाई आली. गिरणीत होती कामाले. भर दुपार. मी ओगराळं उचललं. तिनं ओंजळच नाही धरली. कमरेवर हात ठेवून पाह्यलं मायाकडं. म्हने, 'मी हात धुऊन आली, माय. तू धुतले का?' अन् लोटा उचलला, रांजणात बुडवला, उभ्याउभ्या प्याली. घोटभर ठेवलं. ते निंबाच्या मुळाशी ओतलं. म्हने, 'इचारा याले, विटाळ झाला का. उद्या येऊन पाहातो, वाळला का ते.'"

"मग?"

"मंग काय! सासूनं रांजण फोडला. दुसऱ्या दिवशी सुलोचनाबाई चार बायका घेऊन आली. प्याल्या, मुळाशी ओतलं, गेल्या. सासूनं दुसरा फोडला. तिसऱ्या दिवशी आणखी बाया. तिसरा फोडला. चौथ्या दिवशी फोडाले काही राह्यलंच नाही, अन् निंब तर जास्तच हिरवा दिसून राहिला होता." काकू हसल्या, दात नसलेलं हसू. "आमच्या मालकानं नवे रांजण आणले. बोर्ड रंगवला. आईले म्हने, आता फोडशीन तर मले फोड. सासू सहा महिने त्याच्याशी बोलली नाही. पण लोटा एकच झाला."

मग त्यांनी पत्रकावर बोट ठेवलं. "अन् तू लिवते, इथं जात नव्हती. मंग सुलोचनाबाई इथं काय कराले आली होती? सावलीत बसाले?"

त्या दुपारी मी घरी येऊन जेवले नाही. पत्रकात लिहिलेलं खोटं मला माहीत नव्हतं, हे खरं. पण मी विचारलं कुठं होतं? काटोलच्या माझ्या आजोळी शेतात मोठी विहीर आहे. तिच्यावर एकेकाळी कोण पाणी भरायचं आणि कोण लांब उभं राहायचं, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून ते नव्हतंच, असं धरून चालले. जुन्या शहराचे गोडवे असेच तयार होतात. ज्यांना लोटा मिळत होता, तेच आठवणी लिहितात.

काकूंनी अट घातली. झाड त्यांनी पन्नासहून जास्त वर्षं पाजलेलं, हरकतीवर त्यांची सही सगळ्यात वजनदार. पण सही तेव्हाच, जेव्हा पत्रक खरं होईल. निलेशला सांगितलं तर तो कपाळाला हात लावून बसला.

"वैशाली, आपल्याला झाड वाचवायचं आहे. हे टाकलं तर अर्धी गल्ली सही देणार नाही. आधीच सात दिवस, त्यातले दोन गेले."

"मग अर्ध्या गल्लीची घेऊ."

"पत्रकात शत्रू एकच पाहिजे, सांगितलं होतं ना?"

"एकच आहे. तेव्हा ओंजळीत पाणी ओतणारा आणि आता सावली तोडणारा, दोघं माणसाला एकच वाक्य बोलतात: तुझी जागा तिकडं."

हे मी तेव्हा एवढं नीट बोलले नसेन. बहुतेक नुसती चिडून ओरडले. पण पत्रक नव्यानं लिहिलं. ती ओळ काढली. तिच्या जागी लिहिलं: या झाडाच्या मुळाशी सुलोचनाबाई नावाच्या गिरणी कामगारणीनं लोट्यातलं उरलेलं पाणी ओतलं आणि विचारलं, विटाळ झाला का. झाडानं उत्तर दिलं आहे. बघून जा. यमक नव्हतं. निलेशनं दोनदा वाचलं आणि छापायला घेऊन गेला. यावेळी आम्ही पत्रकं सुतळीनं बांधली.

अर्धी गल्ली खरंच गेली. ज्या दुकानदारानं आधी पत्रकांचा गठ्ठा मागून घेतला होता त्यानं तो परत केला. "जुनी मढी काहून उकरता?" मी म्हटलं, तुमच्या दुकानात जुन्या नागपूरचा फोटो लावला आहे तो काय आहे? पण देवराव वाडीहून पंचवीस हमालांच्या सह्या घेऊन आला, अंगठ्यांसकट. म्हणाला, "मले तर मायबापानं कधी सांगतलं नव्हतं, पण त्याइले ठाऊक होतं वाट्टे. मी लहान असताना बाप शेवटचा घोट ओते, तवा हसे." काकूंनी सही केली. वळणदार, सावकाश, जीभ दातांत धरून.

आणि मी एक उपद्व्याप केला. ओगराळ्याचा फोटो काढून, बाबांच्या फोनवरून, त्या सोनेरी दिवसांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, हेही जुनंच नागपूर आहे. ओळखलं का? तासाभरात बाबांना ग्रुपमधून काढलं. बाबा संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "ते खरं आहे?" मी म्हटलं, चंद्राकाकूंना विचारा. ते चप्पल घालून गेले. परत आले तेव्हा पाय धुऊन बराच वेळ ओट्यावर बसून होते. त्यांनी सही मात्र तेव्हाही केली नाही. मी नोंद घेतली.

मग स्थळपाहणी ठरली. महापालिकेचे साहेब झाड बघायला येणार. मे महिना, दुपारी दीडची वेळ. चौकाच्या तिन्ही बाजूंना रस्ता आधीच सिमेंटचा झालेला, घरांच्या उंबऱ्यांपेक्षा वीतभर वर. उन्हात तो पांढरा होतो आणि खालून भाजतो. सावली चौकात एकच. मी घोषणा तयार ठेवल्या होत्या, पोरांना ओळी वाटून दिल्या होत्या. काकू आल्या आणि म्हणाल्या, "कोणी बोंबलायचं नाही. सावलीतून बाहेर निघा सगळे."

"काकू, आपण झाडाभोवती साखळी करणार होतो!"

"पाहुणा येऊन राहिला. पाहुण्याले सावली द्यायची. आपण उन्हात."

आम्ही उन्हात गेलो. हमाल, बायका, पोरं, निलेश, काही दुकानदार, सगळे रस्त्याच्या कडेनं सिमेंटवर उभे. साहेबांची गाडी आली. काचा बंद. साहेब उतरले, हातात फाइल, आणि दोन पावलांत, विचार न करता, झाडाखाली गेले. कोणीही गेलं असतं. तिथं ते आणि त्यांचा शिपाई असे दोघंच आणि त्यांच्याभोवती उन्हात उभी साठेक माणसं, एकही शब्द न बोलता त्यांच्याकडे बघत. माझ्या घशाशी घोषणा आली होती. आयुष्यात तोंड बंद ठेवायला मला एवढं जड कधी गेलं नव्हतं.

साहेबांनी थोडा वेळ फाइल चाळली. मग अवघडून म्हणाले, "अहो, तुम्ही पण या ना सावलीत. उन्हात का उभे?"

काकू एकट्या पुढं झाल्या. "सवय करून घेऊन राहिलो, साहेब. तुम्ही सही केली की मंग इथंच उभं राहा लागन."

कोणी हसलं नाही. साहेबांनी कपाळ पुसलं. काकूंनी फडकं सारलं, लोटा बुडवला, त्यांच्या हातात दिला. ते प्याले. तहान खरीच होती, घोटाघोटानं गळा हलत होता. शेवटी लोट्यात थोडं राहिलं. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. सगळीकडं सिमेंट. ओली जमीन फक्त बुंध्याशी, हातभर. त्यांनी वाकून तिथं ओतलं.

"झालं!" देवराव मोठ्यानं म्हणाला. "साहेब बी घरचे झाले!"

मग मात्र सगळा चौक हसला. साहेबही हसले, कसनुसे. फाइलवर काहीतरी लिहिलं, गाडीत बसले, काच वर गेली. पुढच्या आठवड्यात कळलं, निर्णय तूर्तास स्थगित.

इथं गोष्ट संपवली असती तर छान झालं असतं. ग्रुपवर फिरवता आली असती, हात जोडलेल्या चित्रांसकट. पण तूर्तास म्हणजे तूर्तास. ओतलेल्या पाण्यानं माती भिजते, फाइल भिजत नाही. तो साहेब बदलून गेला. नवीन आला. दोन उन्हाळे झाले आणि नोटीस परत लागली, यावेळी खिळ्यानंच, त्यांच्या खिळ्यानं. काकूंचे गुडघे आता स्टूल चढू देत नाहीत. खिळा मीच पकडीनं काढला, नोटीस सुतळीनं बांधून ठेवली, कारण नोटीस फाडणं गुन्हा आहे आणि मला त्यांना एवढीशीही संधी द्यायची नाही. भोकात हळद-माती मी भरली. काकू दारातून बघत होत्या. "दाबून भर. रंगोटी नको करू."

लोक म्हणतात, पोरी, तू जुन्यात अडकली आहेस. साफ चूक. जुनं नागपूर परत द्या असं मी कुठल्याही पत्रकात लिहिणार नाही. त्या नागपुरात ते ओगराळं होतं. मला टांगे नकोत, रिकामे रस्ते नकोत, काळेपांढरे फोटो नकोत. मला फक्त तो शेवटचा घोट पाहिजे, जो एका बाईनं भांडून मुळाशी ओतला, आणि तो ओतायला मूळ पाहिजे. सुलोचनाबाईंची गिरणी बंद पडली, त्या गेल्या, त्यांच्या नावाचा चौक होणार नाही, पुतळा होणार नाही. त्यांनी केलेल्या गोष्टीचा एकच पुरावा या शहरात उभा आहे आणि तो हिरवा आहे. तो तोडून तिथं उद्या कोणी प्लॅस्टरचा निंब उभा करेल, आत पिवळा दिवा लावेल, आणि बाबांच्या वयाची माणसं म्हणतील, काय ते नागपूर. त्या दिवसाला माझी हरकत आहे.

काल सकाळी अर्ज लिहायला बसले तेव्हा बाबा चहा घेऊन आले. माझ्या खांद्यावरून वाचत उभे राहिले. म्हणाले, "हे भाषण आहे. अर्ज असा नसतो." मी भडकणारच होते. पण ते खुर्ची ओढून बसले, चष्मा लावला, माझ्या हातातून पेन घेतलं आणि स्वच्छ कारकुनी अक्षरात लिहायला लागले. विषय. संदर्भ. महोदय. सुलोचनाबाईंचं नाव त्यांनी गाळलं नाही, उलट तिसऱ्या परिच्छेदात हलवलं, "तिसरा परिच्छेद साहेब वाचतात, पहिले दोन नाही." शेवटी सही केली. सह्यांच्या यादीत सगळ्यात वर, ठळक. मला म्हणाले, "दोन प्रती ने. आवक क्रमांक टाकून शिक्का मारल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. उद्या ये म्हणतील. तिथंच उभी राहा." चाळीस वर्षं ते खिडकीच्या आत बसून हेच "उद्या या" म्हणत होते. आता त्यांना बाहेरून कसं लढायचं ते ठाऊक आहे.

आज सातपैकी चौथा दिवस. पोच मिळाली आहे, शिक्क्यासकट. बाबांनी अर्जाच्या शेवटी स्वतःच्या मनानं एक ओळ घातली आहे, ती मी इथं उतरवते, कारण माझ्या कुठल्याही पत्रकात एवढी चांगली ओळ नाही: सदर वृक्षाची स्थळपाहणी मे महिन्यात, दुपारी दीड वाजता, छत्री न आणता करण्यात यावी, ही नम्र विनंती.

रांजण मी भरून ठेवलेत. या, साहेब. आम्ही उन्हात उभे आहोत, सावली तुमच्यासाठी रिकामी ठेवली आहे.